अपडेटवर अडकलेला लॅपटॉप: फॉरमॅट करण्यापूर्वी काय करावे

नमस्कार. विंडोजचे मासिक सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते. अमेरिकेतील सकाळी ते प्रसिद्ध होते, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. म्हणूनच नाशिकमध्ये बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी, कॉलेज रोडवरच्या एखाद्या करसल्लागाराच्या कार्यालयात किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात लॅपटॉप सुरू केला, की अपडेटचे काम सुरू असून संगणक बंद करू नये, अशी सूचना झळकते. टक्केवारीचा आकडा तीसवर येतो आणि तिथेच थांबतो. अशा वेळी लॅपटॉप थेट दुकानात नेऊन फॉरमॅट मारायला सांगणे अनेकांना सोपे वाटते. माझ्या मते तो अगदी शेवटचा उपाय असायला हवा, कारण अडकलेल्या लॅपटॉपमधील तुमच्या फाइल्स बहुतेक वेळा डिस्कवर जशाच्या तशा असतात आणि नाहीशा होतात त्या फॉरमॅट केल्यावरच.

हे काम लॅपटॉप सुरू होतानाच का होते, ते आधी समजून घेऊ. विंडोज चालू असताना तिच्या ज्या फाइल्स वापरात असतात, त्या त्याच वेळी बदलता येत नाहीत. त्यामुळे नव्या फाइल्स आधी उतरवून तयार ठेवल्या जातात आणि प्रत्यक्ष अदलाबदल लॅपटॉप बंद होताना व पुन्हा सुरू होताना, म्हणजे तुम्ही पासवर्ड टाकण्यापूर्वी, केली जाते. पडद्यावरचा आकडा किती वेळ उरला हे सांगत नाही. एका टक्क्याला कधी काही सेकंद लागतात, तर कधी अर्धा तास. म्हणून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, असलेल्या लॅपटॉपला किमान दोन तास द्यावेत, आणि जुनी, फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तो चार्जर लावून रात्रभर तसाच ठेवावा. चार्जरचा आग्रह मी मुद्दाम धरतो आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो आणि बॅटरी जीर्ण झालेला लॅपटॉप वीज गेल्यावर मधेच बंद पडतो.

दोन प्रसंगी मात्र पॉवर बटणाला अजिबात हात लावू नये. केलेले बदल मागे घेतले जात असल्याची सूचना दिसत असेल, तर अपडेट फसले असून विंडोज स्वतःच पूर्वस्थितीला परत येत आहे, असे समजावे आणि वाट पाहावी. दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. कंपनीच्या चिन्हाखाली बायोस किंवा फर्मवेअर (मदरबोर्डवरच साठवलेले, लॅपटॉप सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अपडेट होत असल्याचे लिहिलेले असताना वीज तोडली, तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो.

पुरेसा वेळ देऊनही काहीच हलत नसेल, तर पेन ड्राइव्ह, प्रिंटर, डोंगल, बाहेरची हार्ड डिस्क असे जोडलेले सर्व काही काढून टाकावे आणि कॅप्स लॉकचे बटण दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्रणा पूर्णपणे गोठलेली नसण्याची शक्यता आहे. आणखी थोडे थांबावे. दिवा प्रतिसादच देत नसेल, तर पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरून लॅपटॉप बंद करावा आणि पुन्हा सुरू करावा. बऱ्याच वेळा एवढ्यानेच काम होते.

(पडद्यावर: निळ्या रंगाचा दुरुस्ती मेनू)

तेवढ्याने झाले नाही, तर लॅपटॉप सुरू करून कंपनीचे चिन्ह दिसताच पॉवर बटण दाबून धरून तो बंद करावा. असे दोन-तीन वेळा केले की विंडोज स्वतःहून हा दुरुस्ती मेनू उघडते. येथे 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि त्यात 'अनइन्स्टॉल अपडेट्स' निवडावे. समोर दोन पर्याय येतील. मासिक अपडेटनंतर अडचण आली असेल, तर 'क्वालिटी अपडेट' काढावे. विंडोजची आवृत्तीच बदलत असताना लॅपटॉप अडकला असेल, तर 'फीचर अपडेट' काढावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अनेकांनी जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ घेतली आहे. त्यांचा प्रश्न बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असेल.

या टप्प्यावर काही लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे डिस्कचे कुलूप उघडणारा क्रमांक, मागतात आणि लोक घाबरतात. हा व्हायरस नाही. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये, मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉग इन करताच डिस्क आपोआप कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होते आणि तिची की त्याच खात्यात जतन केली जाते. मोबाइलवर त्या खात्यात जाऊन ती पाहता येते. माझी कळकळीची विनंती आहे की, आज लॅपटॉप उत्तम चालत असला तरी ही की आजच वहीत लिहून ठेवा. ती नसेल, तर कितीही कुशल कारागीर त्या डिस्कमधील माहिती वाचू शकत नाही.

अपडेट काढूनही उपयोग झाला नाही, तर त्याच मेनूतील 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून रीस्टार्ट करून चार आकडा दाबावा; लॅपटॉप सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टींसह, सुरू होईल. सुरू झाला, तर सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइल्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. नंतर सी ड्राइव्हवर जागा किती उरली आहे ते पाहावे, कारण अपडेट अडकण्यामागे अपुरी जागा हे नेहमी आढळणारे कारण आहे. 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'विंडोज अपडेट' ही सेवा थांबवावी आणि विंडोज फोल्डरमधील 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन' या फोल्डरचे नाव बदलावे. त्यात उतरवलेली अपडेट्स असतात, तुमची कागदपत्रे नसतात. पुढच्या वेळी विंडोज नवे फोल्डर तयार करून सर्व काही पुन्हा उतरवते.

लॅपटॉप पूर्ववत झाल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन अपडेट एका आठवड्यासाठी थांबवावे. कायमचे बंद करू नये. सुरक्षेतील त्रुटी त्याच अपडेटने बुजवल्या जातात. आठवड्यानंतर, दुसऱ्या दिवशी परीक्षा किंवा विवरणपत्राची अंतिम मुदत नाही, अशी संध्याकाळ निवडून ते पुन्हा चालवावे.

आणि तरीही दुकानात जावेच लागले, तर लॅपटॉप हाती देण्यापूर्वी स्पष्ट सांगा की, आधी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा, माहितीची प्रत घ्या आणि ती उघडून दाखवा. डिस्क कुलूपबंद असल्यास तुमची रिकव्हरी की तिथे लागेल. फाइल्स कायम ठेवून विंडोज रिसेट करण्याचा पर्यायही आहे, पण त्यातही टॅली, श्रीलिपी यांसारखी सॉफ्टवेअर पुसली जातात. त्यांच्या परवान्याचे तपशील आणि इन्स्टॉल करण्याच्या फाइल्स हाताशी आहेत याची खात्री झाल्यावरच रिसेटला होकार द्यावा.