भाड्याने मिळणारा दिवाणखाना

(दृश्य: जुनं दार. कडी निघते.)

बंद घराला एक वास असतो. कोंदट, ओल्या चुन्याचा. राहत्या घरात छप्पर गळलं की त्याच रात्री खाली बादली लागते. कुलूपबंद घरात ते कळेपर्यंत तुळईचं टोक भिंतीतल्या भिंतीत कुजलेलं असतं. म्हणून जुनं घर वाचवायचं, तर ते वापरात हवं: गावाच्या कार्यक्रमांना, आणि समारंभांना भाड्याने.

वास्तू समाजाच्या उपयोगात असली तर तिचं जतन सोपं जातं, असं 1964 ची व्हेनिस सनद, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, सांगते. तिथलीच पुढची अट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते: वापरासाठी घराची मांडणी आणि सजावट बदलायची नाही.

(दृश्य: वरच्या मजल्याच्या फळ्या, मग खालून तुळया.)

आता हा मजला बघा. राहत्या घरात चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात. समारंभाची गर्दी उभी राहणार असेल, तर 500. त्यामुळे पहिलं बुकिंग घेण्याआधी इंजिनिअर येतो. तुळई जिथे भिंतीत शिरते, तिथे तो स्क्रूड्रायव्हर टोचून पाहतो. लाकूड मऊ लागलं, की वरचा मजला बंद. नाचगाणं खाली.

भिंतीचं दुखणं वेगळं. चुन्यातली भिंत ओल पिते आणि बाहेरही टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, विटा भुसभुशीत होतात. वरून मात्र सगळं चकाचक!

भाड्याच्या नावाने नाक मुरडण्यात अर्थ नाही. इथे भरणाऱ्या गावच्या वाचनवर्गाच्या वर्गणीतून छप्पर दुरुस्त होत नाही, ते लग्नं आणि शूटिंगच्या पैशातून होतं. पण सगळे शनिवार-रविवार त्यातच गेले, तर ज्यांच्यासाठी घर वाचवलं ते फाटकाबाहेरच उभे. म्हणून वहीत आधी गावकीच्या तारखा लिहायच्या, उरलेल्या भाड्याला.

(दृश्य: करारपत्र.)

खिळा नाही. उघडी ज्योत नाही. खुर्च्या उचलायच्या, ओढायच्या नाहीत. चिकटपट्टीसुद्धा नाही. दिसायला गरीब, पण काढताना जुन्या रंगाचा पापुद्रा घेऊन निघते. स्वच्छतागृहं मागे, सुटी बांधलेली. उद्या काढली तर मूळ भिंतीवर खूण राहू नये.

(दृश्य: रात्र. रिकामा दिवाणखाना.)

पाहुणे गेले. राखणदार खिडक्या लावत येतो, बॅटरी जमिनीलगत आडवी धरतो. तिरप्या उजेडात ओरखडा लगेच दिसतो. तो नोंदवही उघडतो: ‘दाराजवळची तिसरी फळी. नवा. अनामतीतून.’