आधी गोळ्या दाखवा

नमस्कार. बडोद्याच्या दांडिया बाजारात, जुम्मादादांच्या आखाड्यापासून हाकेच्या अंतरावर, मला व्यायामावर बोलायला उभं केलंय. व्यायामाचार्य माणिकरावांच्या गावात हे जरा धाडसच. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मल्लखांब केलेला आहे, त्यामुळे जपून बोलतो.

पत्रिकेवर विषय आहे 'जुनाट आजार आणि व्यायामातले बदल'. त्याकडे येतोच, पण आधी एक तक्रार. जिममध्ये नवा माणूस आला की आम्ही फॉर्म भरून घेतो. त्यात 'काही आजार?' असा रकाना असतो. आता बडोदेकराला, घरात मराठी बोलो की गुजराती, तब्येत विचारली की उत्तर ठरलेलं: 'मजामा!' फारच खोदून विचारलं तर, 'आजार काही नाही हो, फक्त बीपी आणि शुगर आहे.' एका बाईंनी 'निरंक' लिहिलं होतं. दोन्ही गुडघे बदललेले. विचारलं, तर म्हणाल्या, 'आजार जुन्या गुडघ्यांना होता. ते काढले ना!' (हशा)

हसताय, पण मी रथसप्तमीला धडा शिकलोय. साठी उलटलेले एक काका. फॉर्म कोरा. सूर्यनमस्कार घालायचेच म्हणून पहाटे आंघोळ, सूर्याची पूजा, नेहमीच्या वेळेला मधुमेहाची गोळी, आणि नाश्ता? तो नंतर. विसाव्या नमस्काराला घामानं निथळले. मी त्यांच्या घड्याळात नाडी पाहिली, 92. म्हटलं, वा काका, काय दम आहे! दोन मिनिटांत काका मला त्यांच्या भाच्याच्या नावानं हाक मारायला लागले आणि मग माझ्यावरच चिडले. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली: साखर उतरलीय. एक जण फाफडा-जलेबी आणायला धावला, त्याला परत बोलावलं. तेला-तुपातलं गोड रक्तात उशिरा उतरतं. काका नीट गिळत होते, म्हणून साखरपाणी पाजलं. साखर मोजली तर 54, फारच कमी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, वर आलेली.

सावरल्यावर त्यांनी खिशातून दोन पाकिटं काढली. ग्लिमेपिराइड आणि मेटोप्रोलॉल. पहिलीनं साखर उतरवली, दुसरीनं नाडी दाबून धरली. साखर उतरताना छाती धडधडते, हात थरथरतात, त्या खुणाही ती झाकते. घाम तेवढा झाकत नाही, आणि त्या घामालाच मी शाबासकी देत होतो. म्हटलं, काका, लिहिलं का नाही? तर म्हणाले, 'तुम्ही आजार विचारलात. गोळ्या कुठे विचारल्यात?'

बोलणंच खुंटलं. त्या दिवसापासून आमच्याकडे पहिला प्रश्न एकच: गोळ्या दाखवा. आजाराचं नाव माणूस लपवतो, विसरतो, पाकीट काही लपवत नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय आता पळतच सांगतो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर साखर मोजून सुरुवात. 90 च्या खाली असेल तर आधी खा. 250 च्या वर आणि लघवीत कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं तेव्हा बनणारी आम्लं) असतील तर त्या दिवशी व्यायाम नाही. संध्याकाळी भरपूर व्यायाम केलात तर रात्री झोपेतही साखर उतरू शकते. नुसती मेटफॉर्मिन असेल तर ही धास्ती फार नाही.

मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर नाडी जास्तीत जास्त किती जावी याचं '220 वजा वय' हे गणित विसरा. बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढाच वेग. बीपीवाल्यांनी वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही, आणि व्यायाम धाडकन थांबवायचा नाही. बसल्या जागी बीपीचा वरचा आकडा 200 च्या किंवा खालचा 110 च्या वर असेल तर जिम नाही, डॉक्टर.

मधुमेहानं डोळ्याचा पडदा बिघडलेल्यांनी जड वजन आणि शीर्षासन नको. हाडं ठिसूळ झालेल्यांनी वाकून अंगठे धरायचे नाहीत. गुडघा थोडा दुखला तर चालेल, दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच राहिलं तर पुढच्या वेळी कमी करा. खुर्चीवरून ऊठबस करा, खुर्ची जरा उंच घ्या. दम्याचा पंप खिशात हवा, घरी कपाटात नको. आणि कमाटीबागेत पहाटे गवतावर अनवाणी चालणारे! तळपाय बधिर असतील तर कृपा करून बूट घाला, घरी येऊन तळवे बघा. काच रुतलेली कळतही नाही.

छातीत दडपण आलं तर... हो, हो, उठतो. प्रश्न खाली चहाच्या वेळी. दडपण आलं तर थांबायचं आणि थेट दवाखाना, 'गॅस असेल' म्हणत बसायचं नाही. आणि कोणी पाकिटं बरोबर आणली असतील तर तीही खाली घेऊन या.