चीक येतो का बघ

(सुरुवातीचं दृश्य : मोबाईलच्या स्क्रीनवर पत्र्याचं छप्पर. पावसाचा आवाज.)

हे जे दिसतंय ना, ते आमच्या आत्याच्या घराचं छप्पर आहे. अजून मिनिटभर हेच दिसणारे, कारण आत्यानं फोन ओट्यावर आडवा ठेवलाय आणि तिला वाटतंय ती आम्हाला दिसतेय. गाव मुरबाड तालुक्यातलं, जूनचा शेवटचा रविवार, संध्याकाळचे 6. न्यू जर्सीत आत्ता सकाळचे साडेआठ, माझी चुलतबहीण डोळे चोळत बसलीये. व्हिडिओ कॉलवर वीसेक चौकोन आहेत, अर्धे नातेवाईक आणि अर्धे त्यांच्या सोसायटीतले, ऑफिसातले, कुणी नुसतंच ऐकून आलेलं. नियम एकच, आपल्या आसपास आपोआप उगवलेली एक भाजी आणायची, कॉलवर शिजवायची आणि सगळ्यांबरोबर जेवायची. पेरलेली चालणार नाही.

(आत्याची सून फोन उभा करते. सुपात शेवळं.)

हां, आता दिसलं. ही शेवळं. पहिला दणकून पाऊस झाला की रानात जमिनीतून हे कोंब वर येतात, बाहेर जांभळट तपकिरी आवरण आणि आत दांडा. पान नंतर येतं, आपण खातो ते फूल असतं हे मला पण परवापर्यंत माहीत नव्हतं. सुरणाच्या भाऊबंदातलं आहे त्यामुळे खाजतं पण तसंच, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. आत्याला स्फटिक वगैरे माहीत नाही, तिला हात कुठे लावायचा ते माहितीये. वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा खालचा पिवळा दाणेदार भाग मोडून फेकायचा, उरलेलं बारीक चिरायचं. आणि काकडं घालायची. काकड म्हणजे काकडी नव्हे हां, एका जंगली झाडाची छोटी हिरवी आंबट फळं असतात, कल्याण-ठाण्याला स्टेशनबाहेर शेवळं विकणाऱ्या बायका जुडीसोबत तीही ठेवतात. आंबट पडलं की खाज मरते. सीकेपी आणि पाठारे प्रभू लोक यात कोलंबी नाहीतर खिमा घालतात, आत्या वालाची डाळ घालते आणि बाकीच्यांचं ऐकून फक्त "बरं" म्हणते.

(डोंबिवलीचा चौकोन. माईक बंद.)

डोंबिवलीच्या दादानं शेवळं घेतली, काकडं घेतली नाहीत. बाई देत होती, याला वाटलं उगाच गळ्यात मारतेय. भाजी झाली, आधी चव घ्यायला एक घास खाल्ला आणि माईक म्यूट करून गायबच झाला. आम्ही विचारतोय काय रे नेटवर्क गेलं का, तर वहिनी मागून हसतेय. आत्यानं चेहरा बघूनच ओळखलं. "आमसूल आहे का घरात? तोंडात धर. आणि ती भाजी नको खाऊ आता."

मध्येच नावांवरून भांडण झालं ते पण सांगतो. नागपूरच्या मित्रानं तरोटा आणला होता, आमच्या रायगडवाल्या काकू म्हणाल्या अहो हा तर टाकळा, तो म्हणाला नाही हो तरोटाच, दोघांनी पानं कॅमेऱ्यासमोर धरली आणि एकच निघाली. रात्री पानं मिटतात तीच. फोडशी म्हणून अजून एक रानभाजी, तिला कुणी कुलू म्हणतं कुणी कुली, तो वाद अजून मिटलेला नाही.

आता थोडं माझं मत. 2023 ला संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष केलं आणि नाचणीला एकदम पाकिटात भाव आला, चांगलंच आहे, आपला कृषी विभाग पण पावसाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यात रानभाजी महोत्सव भरवतो, तेही चांगलं. पण ज्या भाजीला खत नको, पाणी नको, फवारणी नको, तिला जागा तर हवी ना. आत्या म्हणते ज्या माळावर टोपलीभर शेवळं निघायची तिथं आता प्लॉटिंगचे दगड रोवलेत. आणि शहरातून मागणी वाढली की लोक एका जागची सगळी खुडून नेतात. आत्याच्या सासूनं तिला शिकवलेलं, कंदाला हात लावायचा नाही आणि मधली मधली सोडून पुढे जायचं. राहिलेल्यांचं बी होतं.

(न्यू जर्सी. अंगण, फरशीच्या फटीतली हिरवी रोपं.)

बहीण सगळ्यात शेवटी राहिली. तिच्याकडे रान कुठलं? पण अंगणातल्या फरशीच्या फटीत काहीतरी लालसर देठाचं पसरलं होतं, नवरा तण म्हणून उपटून टाकायचा. तिनं दोन जुड्या कॅमेऱ्यासमोर धरल्या. आत्या स्क्रीनच्या इतकी जवळ आली की आम्हाला नुसता चष्मा दिसायला लागला.

"मोड बघू देठ. चीक येतो का?"

पहिल्याला नाही आला, देठ जाड, पान गुबगुबीत. दुसऱ्याला पांढरा चीक आला, तसंच जमिनीला चिकटून पसरणारं, पण पान पातळ.

"ते टाकून दे, हात धू. पहिली घोळीची भाजी आहे. तिथं औषध मारलंय का कुणी?"

नव्हतं मारलं, तिनं शेजाऱ्याला पण विचारून ठेवलेलं. पालेभाजीच्या मानानं ओमेगा-3 या घोळीत चांगलं असतं, आणि ती गेली सहा वर्षं दारातून उपटून कचऱ्यात जात होती. मूगडाळ, लसूण, मिरची, दहा मिनिटांत भाजी. भाकरी नव्हती म्हणून ब्रेडला लावून खाल्ली. आत्यानं ते बघितलं आणि काही बोलली नाही, मोठेपणा तिचा.

(परत पत्र्याचं छप्पर.)

जेवणं झाली, एकेक चौकोन बंद झाला. आत्याला कॉल बंद करता येत नाही, फोन पुन्हा आडवा, मी आणि छप्पर असे दोघंच उरलो. तेवढ्यात तिचा आवाज आला, सुनेला सांगत होती.

"गेले वाटतं सगळे. पाऊस उघडला तर उद्या पहाटे कुलूला जाऊ, टोपली मोठी घे."