बालीत धबधबे आणि भातखाचरं एका दिवसात? थांबा, आधी हे ऐका

बालीच्या डे ट्रिपच्या जाहिराती बघितल्यात ना, चार धबधबे, दोन देवळं, भातखाचरं, झोका, कॉफी, सगळं एकाच दिवसात! प्लीज ते बुक करू नका. उत्तरेचा सेकुंपुल धबधबा घ्या, शेकडो पायऱ्या उतरायच्या आणि मग तेवढ्याच चढायच्या, वर येईपर्यंत गुडघे बोलायला लागतात, त्यानंतर अजून तीन ठिकाणं बघायचा उत्साह कोणाला उरणारे?

माझं मत विचाराल तर एक धबधबा आणि जातिलुविहची भातखाचरं, बास. उबुदजवळच्या तेगलालांगची खाचरं पण सुंदर आहेत पण तिथे झोके, कॅफे, फोटोची गर्दी. जातिलुविह तबानान भागात, बातुकारू डोंगराच्या उतारावर, साधारण 700 मीटर उंचीवर, आणि खाचरं सहाशे हेक्टरच्या आसपास पसरलेली, बांधावरून आरामात चालत फिरता येतं.

आता गाइड कशाला? फोटो काढायला नाही हो, पाण्यासाठी. त्याला विचारा हे पाणी येतं कुठून. डोंगरावर पडलेला पाऊस झऱ्यांतून, नद्यांतून, पाटांतून, काही ठिकाणी तर खडक फोडून काढलेल्या बोगद्यांतून खाली खाचरांत येतो. एका पाटावरच्या शेतकऱ्यांचा गट म्हणजे सुबाक, ही पद्धत नवव्या शतकापासूनची, 2012 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. सुबाकचा प्रमुख असतो पेकासेह, आणि कोणाला कधी पाणी सोडायचं हे पाण्याच्या देवळांशी जोडलेलं, म्हणजे पूजा पण तिथेच आणि पाळी पण तिथेच ठरणार. धुळ्याकडच्या लोकांना हे लगेच कळेल, पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायची रीत, आणि पाणी सोडणारा तिचा पाटकरी आठवा.

आणि खरी गंमत पुढे आहे. 1970 च्या दशकात इंडोनेशियाच्या सरकारने सांगितलं, नवीन बियाणं घ्या, जमेल तितक्या वेळा भात लावा, देवळाच्या पाळ्या वगैरे सोडा. झालं काय, तर प्रत्येकजण आपापल्या वेळेला लावायला लागला, पाण्याची ओढाताण, आणि तुडतुड्यांना बाराही महिने कुठे ना कुठे हिरवा भात मिळाला. पूर्वी आजूबाजूचे सुबाक एकदमच शेत मोकळं ठेवायचे, त्यामुळे कीड उपाशी मरायची. स्टीफन लॅन्सिंग नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने जेम्स क्रेमरबरोबर याचं कॉम्प्युटर मॉडेल केलं आणि निघालं काय तर देवळांचंच वेळापत्रक भारी होतं! बांधावर उभं राहून हे ऐकलं ना की तीच खाचरं वेगळी दिसतात.

बाकी कामाच्या गोष्टी पटापट. पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च, तेव्हा धबधबा जोरात पण पाणी गढूळ आणि पायऱ्या निसरड्या, ग्रिपवाले सँडल घाला. वाटेत देऊळ करणार असाल तर सारोंग, म्हणजे कमरेला गुंडाळायचं लुंगीसारखं वस्त्र, लागतं. फेब्रुवारी 2024 पासून परदेशी पर्यटकांना दीड लाख रुपियाह लेव्ही, म्हणजे पर्यटक कर, आहे, आकडा ऐकून घाबरू नका, आपले हजार रुपयेही होत नाहीत, ऑनलाइन आधीच भरून टाका.

आणि हो, पॅकेजमध्ये लुवाक कॉफीचा, म्हणजे उदमांजराच्या विष्ठेतून काढलेल्या बियांच्या कॉफीचा, स्टॉप हमखास असतो, बऱ्याच ठिकाणी पिंजऱ्यात कोंडलेली उदमांजरं आणि मग महागडी पाकिटं. सकाळी गाडीत बसतानाच सांगा, दादा, तो नको. वाचलेल्या वेळात जातिलुविहला लाल तांदळाचा भात खा, शाकाहारी असाल तर तरासी, म्हणजे कोळंबीची पेस्ट, नको हे ऑर्डर देतानाच सांगा, सांबलमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, पण असते ती.