कुऱ्हाड न लावता मारलेलं कांदळवन

[ओहोटीची वेळ. खाडीकाठ. निवेदिका चिखलात उभी.]

नमस्कार मंडळी. मी आत्ता जिथे उभी आहे, तिथे सकाळी भरतीचं पाणी होतं. आता घोट्यापर्यंत चिखल आहे, आणि त्यातून पेन्सिली रोवल्यासारखं काहीतरी वर आलेलं दिसतंय. ही तिवराची श्वसनमुळं. तिवर म्हणजे कांदळवनातलं, खाडीकाठच्या खारफुटीच्या जंगलातलं, एक झाड. खाडीच्या गाळात हवा जवळजवळ नसतेच, म्हणून हे झाड मुळं वर काढून श्वास घेतं. खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. पानाला जीभ लावून बघा, खारट लागेल.

आता मला आज जे सांगायचंय ते. असं झाड तोडायला कुऱ्हाड लागत नाही. भरतीचं पाणी ज्या नाळेतून आत येतं, तिच्या तोंडावर रात्रीतून चार-पाच डंपर डेब्रिज, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, टाकलं की झालं. पाणी येईनासं होतं आणि कांदळवन उभ्या उभ्या सुकतं. किंवा उलटं करतात. बांध घालून पाणी आतच कोंडतात, मग श्वसनमुळं बुडतात आणि झाडं गुदमरून मरतात. काही महिन्यांनी कुणी पाहणीला आलं की उत्तर तयार असतं : इथे कुठे कांदळवन? ही तर पडीक जमीन.

म्हणून तुटलेल्या फांदीपेक्षा अडवलेल्या पाण्याकडे आधी बघा, असं मी सगळ्यांना सांगत असते.

[दृश्य : कांदळाच्या फांदीला लोंबणाऱ्या हिरव्या शेंगा]

आणि जातं काय, तर चिंबोरी जाते, चिखलात उड्या मारणारी निवटी जाते. कोलंबीची पिल्लं वाढतात ती याच मुळांच्या आडोशाला. होडी घेऊन बाहेर जाणाऱ्या कोळ्याला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. त्याच्या जाळ्यात काय येणार, ते इथे ठरतं.

आता कायद्याकडे येऊ. २६ जुलै २००५ आठवतो? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. मिठी नदीचा काठ, तिथला भराव, तिथली तोडलेली तिवरं, हे सगळं तेव्हा पहिल्यांदा घराघरांत बोललं गेलं. पण त्याच्या आधीच, २००४ मध्ये, बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप ही नागरिकांची संस्था कांदळवनांसाठी मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. ६ ऑक्टोबर २००५ ला अंतरिम आदेश आला : राज्यभर कांदळवनांची तोड बंद, त्यांच्याभोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम आणि भराव बंद, आणि सरकारी जमिनीवरची कांदळवनं वन म्हणून जाहीर करून वनविभागाच्या ताब्यात द्यायची.

शेवटचा मुद्दा फार मोठा होता. तोवर ही जमीन महसुली कागदावर खाजण किंवा पडीक म्हणून नोंदलेली असायची, आणि पडीक जमिनीसाठी कोण भांडणार? वन म्हटल्यावर तिला राखणदार मिळाला. २०१२ मध्ये राज्याने वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. १७ सप्टेंबर २०१८ ला उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला. कांदळवन नष्ट करणं म्हणजे घटनेच्या कलम २१ ने दिलेल्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असं त्यात म्हटलंय. जमीन खासगी असली तरी संरक्षण लागू. बेकायदा नष्ट केलेलं कांदळवन पुन्हा उभं करण्याची जबाबदारी सरकारची. सार्वजनिक प्रकल्पासाठी तोडायचं असेल तरी आधी न्यायालयाची परवानगी. बुलेट ट्रेनलाही २०२२ मध्ये सुमारे २० हजार झाडांसाठी तिथेच जावं लागलं. ती मिळाली, याचं मला वाईट वाटतं. पण कुणी अधिकारी परस्पर सही करून मोकळा झाला नाही, हेही खरं.

दरम्यान २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात राज्यातलं कांदळवन १८६ चौरस किलोमीटर होतं, २०१७ च्या अहवालात ते ३०४ झालं. चांगली बातमी आहे. पण ती राज्याची बेरीज आहे. तुमच्या खाडीत काय चाललंय ते तिच्यात दिसणार नाही.

ते तुम्हीच बघायचं. तक्रार कशी करायची, हे मला खूप जण विचारतात. फोनमधलं लोकेशन चालू ठेवून फोटो काढा. झाडांचे काढाच, पण बुजवलेल्या नाळेचा, बांधाचा, भरावाचा नक्की काढा. गूगल अर्थवर त्याच जागेची जुन्या तारखांची चित्रं मिळतात. पाच वर्षांपूर्वीचं हिरवं आणि आजचं करडं, दोन्ही शेजारी ठेवा. ‘पडीक जमीन’ या उत्तराला यापेक्षा चांगलं प्रत्युत्तर मी पाहिलेलं नाही. गाव, सर्व्हे नंबर, तारीख लिहा, आणि अर्ज तहसीलदार आणि कांदळवन कक्ष दोघांकडेही द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. समाजमाध्यमावर टाकलेल्या व्हिडिओला आवक क्रमांक मिळत नाही, अर्जाला मिळतो. डंपर समोर दिसत असेल तर एकट्याने जाऊन अडवू नका. लांबून नंबर टिपा आणि पोलिसांना कळवा.

एक जागा मात्र सांगायलाच हवी. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. होडी त्याच वल्हवतात, झाडांची नावंही त्याच सांगतात. त्यांची कमाई कांदळवन उभं असण्यावर आहे. अशा खाडीत गुपचूप भराव टाकायचा म्हटलं तरी तो लपणार कसा? रोज तिथे माणसांची ये-जा आहे.

[निवेदिका नाळेकडे बोट दाखवते]

आता एक काम करा. येत्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला उधाणाची भरती असेल. तेव्हा आपल्या जवळच्या खाडीवर जा, पाणी कुठवर चढतंय ते बघा आणि तारखेसकट फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच तिथीला पुन्हा जा. पाणी तिथवर आलं नाही, तर कुठे अडलं ते शोधत खाडीच्या दिशेने चालत सुटा.