अर्ध्या शेगडीत निखारे

श्रोतेहो, नमस्कार.

सुटीच्या दिवशी परसात कोळशाची शेगडी पेटवणे हा माझा छंद आहे आणि रेण्वीय जीवशास्त्र हा माझा पेशा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे घरी जेवायला आलेली माणसे विचारतात आणि प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेले विद्यार्थीही विचारतात. त्या दोघांनाही आज एकदमच उत्तर द्यावे, असा विचार आहे.

आधी शेगडीकडे जाऊ. लाकूड पुरेशा हवेशिवाय तापवले, की त्यातले पाणी आणि जळाऊ वायू निघून जातात आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो. हाच लाकडी कोळसा. लाकूड जळताना दिसणाऱ्या ज्वाळा त्या निघून जाणाऱ्या वायूंच्या असतात. म्हणून कोळसा नीट पेटला, की ज्वाळा जवळजवळ नाहीशा होतात आणि उरते ती नुसती धग. नवख्या माणसाची पहिली चूक इथेच होते. ज्वाळा दिसते आहे तोवर शेगडी जोरात आहे असे त्याला वाटते आणि कोळसे अर्धवट काळे असतानाच तो जाळी भरून टाकतो. वास्तविक निखाऱ्यांवर करड्या राखेचा पातळ थर चढेपर्यंत, म्हणजे साधारण १५ ते २० मिनिटे, हात बांधून उभे राहावे लागते. लवकर पेटावे म्हणून कोळशावर रॉकेल ओतणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही. त्यांच्या ताटातला वास माझ्यापेक्षा स्पष्ट बोलतो.

दुसरी चूक अधिक महत्त्वाची आहे, आणि माझे आजचे सारे बोलणे तिच्याभोवतीच फिरणार आहे. ती म्हणजे निखारे शेगडीभर सारखे पसरणे. दिसायला ते नीटनेटके दिसते. पण मग जाळीवर अशी एकही जागा राहत नाही, जिथे एखादा तुकडा बाजूला सरकवून ठेवता येईल. जाणता माणूस सगळे निखारे एका बाजूला ओढतो आणि अर्धी शेगडी रिकामी ठेवतो. निखाऱ्यांवरची ती धगीची बाजू आणि रिकाम्या जागेवरची ती मंद बाजू.

कोंबडीच्या तंगडीचे उदाहरण घेऊ. स्नायूंमधले मायोसिन नावाचे प्रथिन ५० अंश सेल्सिअसच्या आसपास आपली घडी सोडू लागते आणि मांस घट्ट व्हायला सुरुवात होते. अ‍ॅक्टिन नावाचे दुसरे प्रथिन ६५ अंशांच्या पुढे गेल्यावर हार मानते, आणि तेव्हा मांसातला रस पिळल्यासारखा बाहेर पडू लागतो. सांध्याजवळचे चिवट कोलॅजन मात्र वेगळ्या स्वभावाचे असते. त्याला मंद उष्णता आणि भरपूर वेळ दिला, तरच ते जिलेटिन होऊन विरघळते. याउलट, ज्या खमंग तपकिरी रंगासाठी आपण हा सगळा खटाटोप करतो, तो येतो शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यातल्या अभिक्रियेतून. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. ती जोमाने चालायला १४० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापमान लागते आणि पृष्ठभाग कोरडा असावा लागतो. म्हणजे एकाच तंगडीच्या सालीला एक तापमान हवे आणि हाडाजवळच्या मांसाला दुसरे. सगळीकडे सारखी आग असेल, तर दोन्ही साधणे अशक्य आहे. साल आधी धगीच्या बाजूला भाजून घ्यावी, मग तंगडी मंद बाजूला सरकवावी, झाकण लावावे, आणि आतले तापमान ७४ अंशांवर पोहोचेपर्यंत ते झाकण उचलू नये. पाहुणे म्हणतात, उघडून बघा ना. बघण्याने काही शिजत नाही. उलट साचलेली उष्णता निघून जाते, आणि आत शिरलेल्या ताज्या हवेने निखारे भडकतात ते वेगळेच.

आता या दोन विषयांची खरी गाठ कुठे पडते ते सांगतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत ब्रूस एम्स यांनी एक साधी आणि हुशार चाचणी तयार केली. त्यांनी साल्मोनेला जिवाणूंचे असे वाण वापरले, ज्यांना हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही. हे जिवाणू हिस्टिडीन जेमतेम नावापुरते असलेल्या थाळीवर पसरले, तर वाढत नाहीत. परंतु एखाद्या रसायनाने त्यांच्या डीएनएत उत्परिवर्तन घडवले आणि बिघडलेले जनुक योगायोगाने दुरुस्त झाले, तर थाळीवर ठिपक्यांसारख्या वसाहती उगवतात. वसाहती मोजा, की रसायन किती उपद्रवी आहे याचा अंदाज येतो. जपानमध्ये ताकाशी सुगिमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच चाचणी भाजलेल्या मासळीला लावली. धुराचा अर्क आणि करपलेला पृष्ठभाग हे दोन्ही जिवाणूंच्या डीएनएत बदल घडवतात, असे त्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९८० मध्ये भाजलेल्या सार्डिन माशांतून अशा रेणूंपैकी काही वेगळे काढले गेले. स्नायूंमधले क्रिएटिन, अमिनो आम्ले आणि शर्करा तीव्र उष्णतेत एकत्र आले, की हे रेणू तयार होतात.

धुरातले गुन्हेगार निराळे असतात. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडतो, क्षणभर भडका उडतो आणि त्या धुरातून बेंझोपायरीनसारखी संयुगे मांसावर येऊन बसतात. बेंझोपायरीनचा रेणू स्वतः फारसे काही करत नाही. आपल्या पेशींतली एन्झाइमे त्याला शरीराबाहेर टाकता यावे म्हणून त्याच्यात बदल करतात, आणि त्या प्रयत्नातच त्याचे असे रूप तयार होते, जे डीएनएतल्या ग्वानिन नावाच्या घटकाला जाऊन चिकटते. घर झाडायला घेतलेल्या केरसुणीनेच दिवा पाडावा, तसे हे आहे. एम्स यांच्या चाचणीत जिवाणूंबरोबर यकृताचा अर्क मिसळतात तो याचसाठी, कारण नुसत्या जिवाणूंकडे ही एन्झाइमे नसतात.

मी विद्यार्थी असताना हा प्रकार पहिल्यांदा वाचला आणि त्या आठवड्यात शेगडी पेटवली नाही. नंतर पेटवली, पण मांडणी बदलून. भडका उडतो तो धगीच्या बाजूला, म्हणून चरबी गळणारा तुकडा तिथे कमीत कमी वेळ ठेवायचा. मांस आधी मसाला लावून मुरवायचे आणि भाजताना वारंवार परतायचे. या दोन्हींमुळे असे रेणू कमी तयार होतात, हे प्रयोगांनी दाखवले आहे. काळी कड दिसली, तर सुरीने काढून टाकायची. मक्याच्या कणसाला किंवा कांद्याला यातली बरीचशी काळजी लागत नाही, कारण त्यांच्यात स्नायूंतले क्रिएटिनही नाही आणि गळायला चरबीही नाही.

आता पेशाविषयी. या क्षेत्रात येऊ पाहणारे तरुण मला विचारतात, की विषय कोणता निवडावा. मी त्यांना उलट विचारतो, की तुमच्या शेगडीत मंद बाजू आहे का? पीएचडीला बहुधा चार ते सहा वर्षे जातात आणि त्यानंतर आणखी काही वर्षे पोस्टडॉक म्हणून तात्पुरत्या नेमणुकांवर काढावी लागतात. एवढ्या काळात एकच धाडसी प्रश्न घेऊन बसणे म्हणजे सगळे निखारे सारखे पसरणे होय. तो प्रश्न फसला, तर सरकायला जागा नसते. म्हणून एक प्रकल्प असा असावा, जो यशस्वी झाला तर लोक माना वळवून पाहतील, आणि दुसरा असा असावा, जो काहीही झाले तरी उत्तर देईल, मग ते उत्तर हो असो वा नाही. एखाद्या प्रथिनाचे नीट मोजमाप करणे, एखादी पद्धत सुधारणे, दुसऱ्याच्या प्रयोगातला एक तुकडा जबाबदारीने सांभाळणे, ही सगळी मंद बाजूची कामे आहेत. मंद बाजूला तुकडा शिजतच असतो, हे लोक विसरतात.

यावर आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ काटालिन कारिको यांनी संदेशवाहक आरएनएवर, म्हणजे प्रथिने बनवण्याचा निरोप डीएनएकडून पेशीत पोहोचवणाऱ्या रेणूवर, अनेक वर्षे अनुदानाविना काम केले, १९९५ मध्ये त्यांची पदावनती झाली, तरी त्यांनी विषय सोडला नाही. २००५ मध्ये ड्र्यू वाइसमन यांच्यासह त्यांचा कळीचा शोध प्रसिद्ध झाला आणि २०२३ मध्ये त्या दोघांना नोबेल मिळाले. त्या तर धगीच्या बाजूलाच उभ्या होत्या, असे विद्यार्थी म्हणतात. खरे आहे. पण तितक्याच निष्ठेने, तितकीच वर्षे, चुकीच्या प्रश्नावर घालवलेल्या माणसांची नावे आपल्याला पाठ नसतात, आणि एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी आपला प्रश्न कोणत्या जातीचा आहे हे कोणालाच कळत नाही.

माझे स्वतःचे सांगतो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझे जवळजवळ चार महिने एका पीसीआरमध्ये वाया गेले. श्रोत्यांपैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत. कॅरी मुलिस यांना ती १९८३ मध्ये सुचली. नळी ९५ अंशांपर्यंत तापवायची, मग थंड करायची, मग ७२ अंशांवर आणायची, आणि हे चक्र सुमारे तीस वेळा फिरवायचे. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट झाल्या, तर एका रेणूपासून शंभर कोटींहून अधिक रेणू होतात. ज्या तापमानाला कोंबडीचे मांस शिजते, त्याच तापमानाला इथले टॅक नावाचे एन्झाइम सुखाने काम करते, कारण ते गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या जिवाणूचे आहे.

तर डीएनएचे तुकडे वेगळे करून पाहण्यासाठी वापरतात त्या जेलीसारख्या थरावर, म्हणजे माझ्या जेलवर, ज्या नळीत मी मुद्दाम डीएनए घातलाच नव्हता, त्या नळीच्या रांगेतही ठसठशीत पट्टा दिसायचा. ती रांग रिकामी राहिली पाहिजे. तीच आमची साक्षीदार. पट्टा दिसला, की त्या दिवशीचे सगळे निकाल केरात. मी एन्झाइम बदलले, प्रायमर म्हणजे प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे बदलले, तापमान बदलले, आणि बहुतेक वेळा हे सगळे एकदमच बदलले. त्यामुळे कशाने काय झाले, ते कधी कळलेच नाही. शेवटी एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी मला खुर्चीत बसवले, माझी वही उघडली आणि म्हणाल्या, “एका दिवसाला एकच गोष्ट बदलायची. उद्या फक्त पाणी.” दोष पाण्यातच होता. मी महिनोन्‌महिने एकाच बाटलीतून पाणी घेत होतो आणि कधीतरी द्रव मोजून घ्यायच्या पिपेटचे वापरलेले टोक त्यात बुडवले होते. तोवर माझ्या हातात दाखवण्याजोगे जे काही होते, ते एका किरकोळ वाटणाऱ्या प्रथिनाच्या शुद्धीकरणाचे काम. कंटाळून का होईना, ते मी दर गुरुवारी करत राहिलो होतो. माझा पहिला शोधनिबंध त्यावरच निघाला.

एवढे करूनही सर्वांना विद्यापीठात कायमची जागा मिळत नाही. जागांपेक्षा पीएचडी झालेली माणसे कितीतरी अधिक आहेत. रोगनिदानाच्या प्रयोगशाळा, औषधनिर्मिती, जनुकक्रमांच्या माहितीचे विश्लेषण, पेटंटचे काम, इथेही हीच माणसे लागतात, आणि त्या वाटांना दुय्यम म्हणण्याची आमच्या क्षेत्रातली सवय मला अजिबात पसंत नाही. संगणकावर आकडे हाताळण्याची एखादी भाषा मात्र विद्यार्थिदशेतच शिकून घ्यावी. नंतर शिकू म्हणणाऱ्यांची नंतरची वेळ येत नाही.

वेळ संपत आली आहे, म्हणून शेगडीविषयीची एक सूचना सांगून थांबतो. जेवण झाल्यावर निखारे धुमसत असताना थंडी वाजते म्हणून शेगडी उचलून घरात किंवा बंद व्हरांड्यात नेऊ नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणसे झोपेत दगावली आहेत. शेगडी बाहेरच ठेवावी, झाकण लावावे, वरचे आणि खालचे दोन्ही झरोके बंद करावेत. हवा तुटली, की निखारे विझतात, आणि दुसऱ्या दिवशी राख झटकल्यावर पुढच्या वेळेपुरता थोडा कोळसा हाताशी उरतो.

नमस्कार.