प्यायचं पाणी, वापरायचं पाणी आणि उजनी

(सोलापुरात ज्येष्ठ नागरिकांपुढे केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. विषय दिलाय ‘निवृत्तीचा पैसा आणि बाजारातली जोखीम’. त्याआधी एक विचारतो. ज्यांच्या घरी हौद, टाकी, बॅरल यांतलं काहीच नाही, त्यांनी हात वर करा. एकही नाही! (हशा) कसा असेल? चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात आपण संसार केले. प्यायचं पाणी वेगळं, वापरायचं वेगळं, आणि तिकडे लांब माढा तालुक्यात उजनी. धरण शंभर टक्के भरलं म्हणून घरातला माठ कोणी पालथा घालत नाही. पैशाचं मात्र आमच्या घरात नेमकं तेच झालं.

माझे थोरले बंधू, आम्ही दादा म्हणतो, ३१ डिसेंबर २००७ ला निवृत्त झाले. नोकरी खासगी. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून हातात १२ लाख आले. पेन्शन महिन्याला १,२०० रुपये. पुढच्या पंधरवड्यात गड्डा, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांची जत्रा, आली. नंदीध्वजांची मिरवणूक बघायला पाहुणे जमलेले, वहिनींनी बाजरीच्या भाकऱ्या आणि शेंगा भाजीचा घाट घातलेला. (तुमच्यातले काही जण त्या पंगतीला होते, ते मान हलवतायत.) त्याच आठवड्यात शेअर बाजाराचा निर्देशांक, सेन्सेक्स, २१,००० च्या पुढे जाऊन आलेला. पंगतीतल्या एका गृहस्थांनी दादांना पटवलं: सगळे पैसे निर्देशांकाच्या फंडात, म्हणजे सेन्सेक्ससोबत वर-खाली होणाऱ्या फंडात, टाका, महिन्याला १०,००० काढा, मुद्दलाला धक्का लागत नाही. दादा मला म्हणाले, “आता काय काळजी, उजनी भरली की ओ!” त्यांनी सह्या केल्या. मी शेजारीच बसलो होतो आणि मी काही बोललो नाही. ते मला आजही लागतं.

२१ जानेवारीला एका दिवसात सेन्सेक्स १,४०८ अंकांनी पडला. मार्च २००९ मध्ये तो ८,१६० वर आला होता. दादा घाबरून सगळं विकायला धावले नाहीत, हे त्यांचं धैर्य. पण किराणा, औषधं, वीजबिल थांबत नाही, म्हणून दर महिन्याला १०,००० निघत राहिले. सोयीसाठी धरा, सुरुवातीला फंडाचं एक युनिट, म्हणजे एक हिस्सा, १०० रुपयांचं होतं. १०,००० साठी १०० युनिटं विकली की काम भागायचं. वर्षाने तेवढ्याच रुपयांसाठी दोनशेच्या वर युनिटं विकावी लागली. गेलेलं युनिट परत येत नाही. उजनीची क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातले साधारण ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं राखीव पाणी; त्याला हात लागला की धरण ‘मायनस’. ‘धरण मायनसमध्ये गेलं’ अशी बातमी आली की आपल्या पोटात गोळा येतो. दादांचा उपसा दोन वर्षं मायनसमधूनच चालला होता, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

२०१० च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाला, सेन्सेक्स पुन्हा २१,००० वर बंद झाला. टीव्हीवर सगळे म्हणत होते, बाजार भरून निघाला. दादांनी वही काढली. ३३ महिन्यांत काढले ३ लाख ३० हजार. मग उरायला हवे होते ८ लाख ७० हजार. उरले होते ७ लाख २० हजारांच्या आसपास. वहिनींनी विचारलं, “मधले दीड लाख गेले कुठं?” ते पडत्या भावात विकलेल्या युनिटांत गेले होते. याच घसरणीत चाळिशीतला पगारदार माणूस दरमहा स्वस्तात खरेदी करत होता, त्याचं भलं झालं. घसरण निवृत्तीच्या पहिल्याच वर्षांत आली आणि त्याच पैशावर घर चालत असलं, की घाव लागतो. मला सांगायचं ते एवढंच आहे, आणि ते सांगताना लोक फक्त ‘सरासरी परतावा’ सांगतात याचा मला फार राग येतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. ठीक, भरभर सांगतो: पाण्यासारखेच पैशाचेही तीन साठे करा.

माठ: वर्षभराचा खर्च. बचत खातं आणि बँकेच्या ठेवी. फेब्रुवारी २०२० पासून ठेवविमा एका बँकेत एका माणसाला व्याजासकट ५ लाखांपर्यंत आहे, म्हणून ठेवी वाटून ठेवा. पतसंस्थेला हा विमा नाही. जास्त टक्का देते म्हणून तिथे आयुष्याची पुंजी घालू नका, हात जोडून सांगतो.

टाकी: पुढच्या पाच-सहा वर्षांचा खर्च. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना, एप्रिल २०२३ पासून मर्यादा ३० लाख. पैसे भरताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही, व्याज तिमाहीला. शिवाय मासिक उत्पन्न योजना: एकट्याला ९ लाख, जोडखात्याला १५ लाख.

उजनी: सात वर्षं तरी लागणार नाही असाच पैसा शेअर बाजाराच्या फंडात. तो हवा कशाला? महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. साठाव्या वर्षी ३०,००० लागत असतील, तर बहात्तराव्या वर्षी ६०,०००.

आणि नियम: बाजार वर असलेल्या वर्षी उजनीतून टाकी भरायची. पडलेल्या वर्षी उजनीला हात लावायचा नाही, टाकीवर भागवायचं. दादांनी नंतर हेच केलं. २३ मार्च २०२० ला बाजार एका दिवसात १३ टक्के पडला, तेव्हा त्यांनी एक युनिट विकलं नाही. नोव्हेंबरपर्यंत सेन्सेक्स जानेवारीच्या वर गेला होता.

वारसनोंदीचं राहिलंच, घरी गेल्यावर प्रत्येक पासबुक बघा. दादांची वही मी आणली आहे, ती टेबलावर ठेवतो. ज्यांना महिन्यावार आकडे उतरून घ्यायचे असतील त्यांनी चहाच्या वेळात घ्यावेत.